जुना लॅपटॉप, ४ जीबी रॅम आणि पहिलं लिनक्स: सुरुवात कुठून करायची

तुझा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे याच अवस्थेत असलेल्या बाकीच्यांनाही उपयोग होईल. बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सचं दुसरं वर्ष, घरात एकच लॅपटॉप, पाचव्या जनरेशनचा आय थ्री, ४ जीबी रॅम, १ टीबीची फिरती हार्ड डिस्क. विंडोज १० चे अपडेट बंद झाले, विंडोज ११ त्यावर चढत नाही. ताई त्याच लॅपटॉपवर मराठी टायपिंगची कामं घेते, बाबा सातबारा आणि लाइटबिल बघतात. मित्र म्हणतात काली टाक, कॉलेजचे सर म्हणतात उबंटू, यूट्यूबवर कोणीतरी आर्च म्हणालं. लिनक्स ही विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी सिस्टीम, आणि ही सगळी तिची वेगवेगळी तयार रूपं, त्यांना डिस्ट्रो म्हणतात. तर कुठलं लिनक्स टाकू, आणि ओपन सोर्स शिकायचं म्हणजे नेमकं काय करू?

मी मूळची कोल्हापूरची, पुण्यात गेली सतरा-अठरा वर्षं लिनक्स सर्व्हर सांभाळायचंच काम करतेय. तू दुसऱ्या वर्षाला म्हणजे माझ्या भाच्याएवढा, म्हणून अरेतुरे करते. नावच हवं असेल तर लगेच सांगते, लिनक्स मिंट, त्यातली एक्सएफसीई म्हणजे हलक्या डेस्कटॉपची आवृत्ती. पण नुसतं नाव घेऊन उठू नकोस, कारण लिनक्स टाकून पंधरा दिवसांत परत विंडोजवर गेलेली जी पोरं मी बघितली ती चुकीच्या डिस्ट्रोमुळे गेली नव्हती, घरातलं एखादं रोजचं काम अडलं आणि घरच्यांनी कटकट केली म्हणून गेली.

म्हणून आज रात्री जेवण झालं की वही घेऊन बस आणि या लॅपटॉपवर कोण काय करतं ते सगळं लिहून काढ. बाबांचं काम सोपं आहे, सातबारा काय, लाइटबिल काय, बँक काय, सगळं ब्राउजरमध्येच होतं, फायरफॉक्स किंवा क्रोम उघडलं की झालं, त्यांना खाली विंडोज आहे की लिनक्स याने काही फरक पडत नाही. ताईला मात्र नीट विचार. ती टाइप कशात करते, वर्डमध्ये की पेजमेकरमध्ये? कुठल्या फाँटमध्ये, मोबाईलवर लिहितो तसं युनिकोड की श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव असलं काहीतरी? बोटं कुठल्या कीबोर्डला बसलीयत, इन्स्क्रिप्ट, टाइपरायटरवाला रेमिंग्टन, की इंग्रजीत लिहून मराठी उमटणारं फोनेटिक? ती लग्नपत्रिका, हँडबिलं वगैरे पेजमेकर-कोरलड्रॉमध्ये करत असेल तर तिला विंडोज लागणार, यात वाद घालू नकोस, तिचं पोट त्यावर आहे. तसंच घरात कोणी टॅलीवर हिशेब लिहीत असेल किंवा टेंडर-जीएसटीसाठी डिजिटल सहीचा डोंगल वापरत असेल तर त्या कामापुरतं विंडोज राहू दे. टॅली विंडोजसाठीच बनलेलं आहे, आणि सहीच्या डोंगलचे ड्रायव्हर लिनक्सवर चालवणं जमतं पण नवख्याने पहिल्या महिन्यात त्यात हात घालू नये.

यादी झाली की पुढचे पंधरा दिवस लिनक्स टाकूच नकोस. हे ऐकून पोरांचे चेहरे पडतात पण माझा हाच आग्रह असतो. आहे त्याच विंडोजवर फायरफॉक्स, लिब्रेऑफिस, व्हीएलसी, फोटोसाठी गिंप आणि ताई कोरलड्रॉवर अडलेली नसेल तर पत्रिकेसारख्या कामासाठी इंकस्केप टाक आणि सगळ्यांना तेच वापरायला लाव. हे सगळं ओपन सोर्स आहे आणि लिनक्सवर हेच्या हेच मिळतं. म्हणजे ज्या दिवशी खालची सिस्टीम बदलेल त्या दिवशी ताईला वरचं काहीच नवीन वाटणार नाही. आणि एखादी वर्डची फाइल लिब्रेऑफिसमध्ये वाकडी दिसत असेल, टेबल सरकत असेल, तर ते आत्ताच कळेल, गिऱ्हाईक दारात उभं असताना नाही. गिऱ्हाइकाला फक्त छापायला द्यायची फाइल असेल तर पीडीएफ करून द्यायची, म्हणजे तिकडे काही हलत नाही.

इथेच ओपन सोर्सचं सांगून टाकते कारण तुझ्या प्रश्नात तू 'फुकटचं सॉफ्टवेअर' असं लिहिलंयस. इंग्रजीत फ्री या एका शब्दाने फुकट आणि मुक्त दोन्ही कळतं त्यामुळे तिकडे चाळीस वर्षं घोळ चालू आहे, आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत तर ते वेगळेच वापरू. हे सॉफ्टवेअर मुक्त आहे. म्हणजे ते कशाही कामासाठी चालवायची, आतला कोड वाचून बदलायची, दुसऱ्याला कॉपी द्यायची आणि बदललेली कॉपीही वाटायची मोकळीक आहे. बहुतेक वेळा ते फुकटही मिळतं, पण तो मुख्य मुद्दा नाही. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन प्रोग्रामरने १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला तो यासाठी, की युनिक्स नावाच्या तेव्हाच्या सिस्टीमसारखी पूर्ण सिस्टीम असावी आणि ती अशी मोकळी असावी. त्यात कंपायलर झाला, एडिटर झाला, शेल झालं, पण मधला गाभा म्हणजे कर्नल तयार होत नव्हता. तो लिहिला हेलसिंकीच्या लायनस टोरवाल्ड्सने, १९९१ च्या ऑगस्टमध्ये त्याने लोकांना सांगितलं की मी हौसेखातर असं काहीतरी करतोय, तेव्हा तो २१ वर्षांचा विद्यार्थी होता, तुझ्यापेक्षा फार मोठा नाही. १९९२ मध्ये त्याने ते ग्नूच्या जीपीएल लायसन्सखाली आणलं. त्या लायसन्सची अट अशी की तुम्ही बदल करून पुढे वाटलंत तर बदललेला कोडही त्याच अटींवर द्यायचा. आज अँड्रॉइड फोनच्या आत तोच कर्नल आहे, आणि जगातल्या सगळ्यात वेगवान ५०० सुपरकॉम्प्युटरची जी यादी निघते त्यातले सगळेच्या सगळे नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर आहेत. मी आठवीत असताना शाळेतल्या कॉम्प्युटरला हात लावायला परवानगी लागायची, आणि नंतर असं काहीतरी हातात आलं की ज्याच्या आतला प्रत्येक स्क्रू उघडून बघायची मुभा होती. मला त्याचं अप्रूप अजून संपलेलं नाही.

आता काली. हे मी स्पष्टच सांगते, काली टाकू नकोस. काली हे सिक्युरिटी तपासणाऱ्या लोकांचं हत्यारांचं खोकं आहे, ते बनवणारेच त्यांच्या माहितीत लिहितात की लिनक्स नव्याने शिकणाऱ्यांसाठी हे नाही. काली टाकून कोणी हॅकर होत नाही, पण वायफाय का चालत नाही हे शोधण्यात सेमिस्टर मात्र जातं. ती सगळी हत्यारं पुढे मिंटवरही एकेक करून टाकता येतात. आर्च चांगलं आहे, त्याचं विकी, म्हणजे माहितीची साइट, तर मी स्वतः आठवड्यातून दोनदा उघडते, डिस्ट्रो कुठलीही असो तिथली माहिती उपयोगी पडते, पण घरात एकच लॅपटॉप आणि त्यावर ताईचं काम, अशा ठिकाणी आर्च नको. सरांनी सांगितलेलं उबंटू चुकीचं नाही. मिंट हे उबंटूवरच उभं आहे. फक्त उबंटूचा नेहमीचा डेस्कटॉप ४ जीबीमध्ये दमतो, आणि मिंट एक्सएफसीईमध्ये खाली डावीकडे मेनू, खाली पट्टी, असं सगळं विंडोजच्या सवयीचं आहे. मिंट २२ ची मालिका उबंटू २४.०४ वर आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, म्हणजे तुझी डिग्री, पुढे एमएस्सी करायची तर तीही, त्यात आरामात होते. एकदा टाकलंस की सहा महिने डिस्ट्रो बदलायची नाही. दर आठवड्याला नवीन डिस्ट्रो टाकणाऱ्याला इन्स्टॉल करता येतं, बाकी काहीच येत नाही.

लॅपटॉपबद्दल. जो पैसा हाताशी असेल तो एसएसडीवर, म्हणजे फिरता भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर घाल. पाचव्या जनरेशनचा प्रोसेसर अजून चांगला चालतो, सगळं रडतं ते त्या फिरत्या हार्ड डिस्कपाशी. साधी २.५ इंची साटा एसएसडी, २४० किंवा २५६ जीबी पुरे. त्यानंतर पैसे उरले तर रॅम ८ जीबी कर, या पिढीच्या बहुतेक लॅपटॉपना डीडीआर३एल लागते, दुकानात जाताना जुनी स्टिक काढून सोबत ने म्हणजे चुकीची गळ्यात पडणार नाही. आणि काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच चिकटवलेली असते, त्यामुळे आधी मागचं झाकण उघडून बघ.

एसएसडी घेण्यात दुसरा मोठा फायदा आहे तो लोक लक्षातच घेत नाहीत. जुनी हार्ड डिस्क विंडोजसकट बाहेर काढून ठेवायची, एसएसडी आत बसवायची आणि लिनक्स त्या कोऱ्या एसएसडीवर टाकायचं. जी डिस्क लॅपटॉपमध्येच नाही ती चुकूनही पुसली जात नाही. सगळं सुरळीत झालं की जुनी डिस्क यूएसबी केसिंगमध्ये घाल, किंवा लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर त्याच्या जागी कॅडी म्हणजे डिस्क धरणारी चौकट बसवून आत घाल, आणि त्यातला डेटा लिनक्समधून सरळ वाच.

हे इतकं जोर देऊन सांगतेय त्याला कारण आहे. २००६ साली मी पोस्टाने मागवलेली उबंटू ६.०६ ची सीडी घेऊन घरच्या कॉम्प्युटरवर बसले होते, तेव्हा त्या सीड्या फुकट घरपोच यायच्या, आणि पार्टिशनच्या म्हणजे डिस्कचे भाग पाडायच्या पानावर मी नीट न वाचता पुढे-पुढे दाबत गेले. डी ड्राइव्ह गेला. त्यात दादाच्या लग्नाचे सगळे फोटो होते, दुसरी कॉपी कुठेच नव्हती. अल्बममध्ये जे थोडे छापून लावले होते तेवढेच राहिले, आजी त्या लग्नानंतर वर्षभरात गेली आणि तिचे हळदीचे फोटो त्या ड्राइव्हमध्ये होते. दादा मला एक शब्द बोलला नाही, मला ते अजून लागतं. तेव्हापासून मी कोणालाही इन्स्टॉल करून द्यायला बसले की पहिला प्रश्न विचारते, बॅकअप कुठाय ते दाखव. घेतलाय म्हणून सांगू नको, दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून दाखव. ताईच्या गिऱ्हाइकांच्या फाइली, घरचे फोटो, बाबांची स्कॅन केलेली कागदपत्रं, सगळं बाहेरच्या डिस्कवर घे आणि चार-पाच फाइली उघडून बघ, मगच पुढे जा.

मग ८ जीबीचा एक रिकामा पेनड्राइव्ह घे, त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे हे लक्षात ठेव. मिंटच्या अधिकृत साइटवरून आयएसओ फाइल, म्हणजे इन्स्टॉलची पूर्ण प्रत, उतरव, साधारण ३ जीबीची असते, तुझ्याकडे नेट कमी असेल तर रात्री लाव. उतरल्यावर तिची एसएचए बेरीज म्हणजे चेकसम तपास, कसं ते तिथेच दिलंय, कारण अर्धवट उतरलेल्या फाइलवरून इन्स्टॉल केलं की मधेच अशा ठिकाणी अडकतं की दोष कशात आहे तेच कळत नाही. पेनड्राइव्हवर चढवायला विंडोजमध्ये रुफस वापर किंवा एचर. लॅपटॉप बंद करून चालू करताना बूट मेनूचं बटण दाबत राहायचं, डेल-लेनोवोला बहुधा एफ १२, एचपीला एस्केप आणि मग एफ ९, एसरला एफ १२ आधी बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन चालू करावं लागतं.

पेनड्राइव्हवरून मिंट उघडलं की ते इन्स्टॉल न होताच चालतं, डिस्कला काही हात लागत नाही. इथे एक पूर्ण संध्याकाळ घालव. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, ब्राइटनेसची बटणं, टचपॅड, कॅमेरा, झाकण मिटून उघडल्यावर परत जागं होतंय का, आणि प्रिंटर. प्रिंटर मुद्दाम तपास, कारण ताईचं काम त्यावर आहे. एचपीच्या बऱ्याच मॉडेलना लिनक्सवर लगेच ओळख पटते, काही कंपन्यांच्या छोट्या लेझर प्रिंटरना मात्र वेगळा ड्रायव्हर शोधून टाकावा लागतो, माझ्या घरच्या प्रिंटरसाठी माझे दोन रविवार गेले होते. वायफाय दिसतच नसेल तर घाबरू नकोस, मोबाईल डेटा केबलने जोड आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू कर, बहुतेक वेळा लगेच नेट मिळतं. मग ड्रायव्हर मॅनेजर उघडला की वायफायच्या चिपचा ड्रायव्हर तोच सुचवतो. या एका युक्तीने मी कितीजणांचं नेट चालू करून दिलंय त्याची गणतीच नाही.

इन्स्टॉल करायला विसेक मिनिटं लागतात, त्यात गाणी-व्हिडिओ चालवणारे मल्टिमीडिया कोडेक टाकू का असं विचारतं तिथे टिक कर. कोऱ्या एसएसडीवर टाकत असशील तर पूर्ण डिस्क पुसा हाच पर्याय बरोबर. एसएसडी नसेल आणि विंडोजच्या शेजारी टाकायचं असेल तर मात्र तो पर्याय म्हणजे माझ्या २००६ ची पुनरावृत्ती, तिथे शेजारी इन्स्टॉल करा असं लिहिलेला पर्याय घ्यायचा आणि त्याआधी विंडोजमधूनच डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन साठ-सत्तर जीबी जागा मोकळी करून ठेवायची. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद कर. ते चालू असलं की विंडोज खऱ्या अर्थाने बंदच होत नाही, अर्धवट झोपतं, आणि मग लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही, नुसतं वाचता येतं. ज्यांच्या लॅपटॉपला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप, लावलेलं आहे त्यांनी पार्टिशनला हात लावायच्या आधी त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, तुझ्या मॉडेलला बहुतेक ते नसेल पण बघून घे. आणि दोन्ही सिस्टीम एकत्र ठेवल्यास की एक गंमत दिसते, विंडोजमध्ये गेलं की घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे. लॅपटॉप बिघडलेला नसतो. लिनक्स आतल्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं, आपण जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे म्हणून नेमका तेवढाच फरक. लिनक्सला एका कमांडने सांगता येतं की स्थानिक वेळच ठेव, टाइमडेटसीटीएल शोधलंस की सापडेल.

मराठी टायपिंगवर जरा जास्त लिहिते कारण याच्यावरच ताई राहणार की जाणार ते ठरेल. इन्स्क्रिप्ट येत असेल तर कीबोर्ड सेटिंगमध्ये लेआउट वाढवायचा, मराठी निवडायची, झालं. कगप नावाचा फोनेटिकसारखा लेआउटही तिथेच मिळतो. इंग्रजी स्पेलिंग लिहून मराठी उमटवायची सवय असेल तर आयबस हे भाषा टाइप करायचं साधन आणि त्याचा एम१७एन संच टाकायचा, त्यात मराठीसाठी आयट्रान्स आहे, फोनेटिक आहे, आणि नेटवर वर्षानुवर्षं मराठी लिहिणाऱ्यांच्या हाताला बसलेलं गमभनसुद्धा आहे. मी स्वतः गमभनच वापरते, आत्ता हे सगळं तसंच लिहितेय. फाँट म्हणशील तर लोहित आणि नोटो सॉफ्टवेअर मॅनेजरमधून मिळतात, मुक्त आणि बलू हे मुंबईच्या एक टाइपचे मुक्त लायसन्सवाले फाँट तर इतके देखणे आहेत की गिऱ्हाईक विचारेल हा कुठला.

लिब्रेऑफिसमध्ये मराठी लिहिताना पहिल्याच दिवशी सगळे एका जागी अडकतात. ताई अक्षरं सिलेक्ट करेल, फाँटचा आकार १४ करेल, आणि इंग्रजी शब्द मोठे होतील पण मराठी तेवढंच राहील. कारण लिब्रेऑफिस मराठीला वेगळ्या गटात धरतं, कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट म्हणतात त्याला, आणि त्या गटाचा फाँट आणि आकार वेगळा ठेवतं. टूल्समध्ये ऑप्शन्स, तिथे भाषेच्या सेटिंगमध्ये हा गट चालू करून भाषा मराठी ठेवायची, आणि स्टाइलमध्ये दोन्ही फाँट एकदाच बसवून टेम्प्लेट करून ठेवायचं. भाषा मराठी ठेवली की काही फाँटमध्ये ल आणि श आपल्या वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात, छापल्यावर ते डोळ्याला खुपतं. ताईच्या जुन्या फाइली शिवाजी किंवा कृतिदेवमध्ये असतील तर त्या उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसेल. फाइल बिघडलेली नसते, त्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी चित्रं बसवलेली असतात एवढंच. तो फाँट विंडोजमधून कॉपी करून लिनक्समध्ये टाकला की परत दिसतं, पण खरा उपाय म्हणजे हळूहळू युनिकोडमध्ये बदलत जाणं, कन्व्हर्टर मिळतात, फक्त बदलल्यावर जोडाक्षरं आणि रफार एकदा डोळ्याखालून घालायचे.

पहिल्या आठवड्यात तुला काय-काय चमत्कारिक वाटेल तेही सांगून ठेवते. सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह नसतात, एकच झाड असतं आणि तुझं सगळं होम या फांदीखाली. फाइलच्या नावात कॅपिटल आणि स्मॉल वेगळे धरले जातात, असाइनमेंटला मोठा ए आणि छोटा ए असं लिहिलंस तर त्या दोन वेगळ्या फाइली. सॉफ्टवेअर हवं असलं की गुगलवर शोधून सेटअप उतरवायची सवय मोड, सॉफ्टवेअर मॅनेजर उघड आणि तिथून घे, तिथलं सगळं एका ठिकाणाहून तपासून येतं आणि एकत्रच अपडेट होतं. टाइमशिफ्ट म्हणून एक प्रोग्राम मिंटमध्ये असतो, पहिल्याच दिवशी तो चालू कर, उद्या अपडेटनंतर काही बिनसलं तर कालची सिस्टीम परत आणता येते. पण तो सिस्टीम जपतो, ताईच्या फाइली नाही, त्यांचा बॅकअप वेगळाच.

टर्मिनलला, म्हणजे कमांड लिहून काम करायच्या खिडकीला, घाबरायचं कारण नाही आणि पहिल्या दिवसापासून त्यातच राहायचीही गरज नाही. रोज दहा मिनिटं दे. कमांड मी बोलते तशा लिहितेय, तू इंग्रजी स्मॉल लेटरमध्ये टाइप कर. एलएस, सीडी, सीपी, एमव्ही, एमकेडीआयआर, लेस, ग्रेप, एवढ्या हाताला बसल्या की अर्धं काम झालं. कमांडच्या आधी मॅन लिहिलं की तिची माहिती येते. नाव अर्धं लिहून टॅब दाबलं की पूर्ण होतं, हे न शिकता लोक महिनोन् महिने सगळं हाताने टाइप करतात. कॉपी-पेस्टला कंट्रोलसोबत शिफ्टही दाबावं लागतं. सुडो म्हणजे सिस्टीमचे पूर्ण अधिकार घेऊन कमांड चालवणं, ते म्हटल्यावर पासवर्ड मागतो आणि टाइप करताना काहीच दिसत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत, कीबोर्ड बंद पडलाय असं वाटतं पण तो घेत असतो, एंटर दाब. आरएम ने उडवलेलं कचऱ्याच्या डब्यात जात नाही, गेलं ते गेलं. आणि नेटवरून उचललेली कमांड, विशेषतः सुडोने सुरू होणारी, तिच्यातला एकेक शब्द काय करतो हे कळल्याशिवाय चालवायची नाही.

कॉलेजात अजून टर्बो सी वर शिकवत असतील तर तुला इथे पहिला धक्का बसेल. जीसीसी मध्ये, म्हणजे लिनक्सवरच्या सी कंपायलरमध्ये, कोनिओ डॉट एच ही फाइलच नाही, सीएलआरएससीआर आणि गेटसीएच चालणार नाहीत, व्हॉइड मेनवर वॉर्निंग येईल. चूक तुझी नाही, टर्बो सी नव्वदच्या दशकातल्या डॉसचं आहे आणि त्यानंतर सी ची भाषा बरीच पुढे आली. इंट मेन लिहायला लाग, शेवटी शून्य परत कर, कंपाइल करताना सगळ्या वॉर्निंग दाखवायला सांग. परीक्षेपुरतं टर्बो लागलंच तर डॉसबॉक्स या डॉसचे जुने प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तेही चालतं. जीसीसीचा एरर आला की वरून पहिला वाच, खालचे वीस बहुधा त्या पहिल्याचीच पिलावळ असते. एरर वाचायची ही सवय मला सगळ्यात मोलाची वाटते. मुलाखती घेताना मी एक बिघडलेलं मशीन समोर ठेवते आणि बघते की पोरगं मेसेज वाचतं की मेसेज बंद करून परत तेच बटण दाबतं.

ओपन सोर्समध्ये 'काम' कसं करायचं असं विचारलंस. थेट कर्नलच्या कोडकडे धावू नकोस. जे रोज वापरतोस त्यात काही चुकलेलं दिसलं तर ते नीट नोंदवणं हेच पहिलं काम, काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, कुठली आवृत्ती. दुसरं म्हणजे मराठी. लिब्रेऑफिसच्या किंवा ग्नोम या डेस्कटॉपच्या मेनूत मराठी भाषांतर जिथे अर्धवट आहे किंवा कृत्रिम आहे तिथे तू आणि ताई मिळून सुधारू शकता, तिला टायपिंग येतं, भाषा येते, तुझ्यापेक्षा ती त्यात पुढे असेल. तोवर गिट, म्हणजे कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन, शिकून घे, तेही टोरवाल्ड्सनेच २००५ मध्ये लिहिलेलं आहे, आणि कॉलेजच्या असाइनमेंट गिटमध्ये ठेवायला लाग म्हणजे वेगळा सराव करावा लागत नाही. शिकायला आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर लिनक्स, लिब्रेऑफिस, सी असे छोटे-छोटे व्हिडिओ आहेत, बरेचसे मराठी आवाजात, ताईला लिब्रेऑफिस रायटरचे लावून दे. पुण्याला आलास तर प्लग म्हणजे पुणे लिनक्स युझर्स ग्रुपची माणसं नवख्यांना मदत करणारी आहेत, बिचकू नकोस.

या रविवारपर्यंत यादी आणि बॅकअप एवढंच कर, पेनड्राइव्ह त्यानंतर पंधरा दिवसांनी. कुठे अडलास तर लॅपटॉपचा पूर्ण मॉडेल नंबर, मिंटची आवृत्ती, स्क्रीनवर आलेला मेसेज अक्षरन् अक्षर आणि त्याआधी तू काय केलंस ते लिहून पाठव, 'चालत नाहीये' एवढ्यावरून मला काही सांगता येणार नाही. आणि ताईचा कीबोर्ड कुठला निघाला तेही कळव, रेमिंग्टन असेल तर एम१७एन मधला टाइपरायटरचा लेआउट कसा लावायचा ते वेगळं सांगते, त्यात दोन-तीन जागा तिला सुरुवातीला चुकतील.